खैराटचे लॅपटॉप आणि न संपणारी दुरुस्ती

एक्सओ नावाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपच्या हँडलमध्ये काही जादा स्क्रू लपवलेले असायचे. स्क्रू हरवला तर मुलाने दुकान शोधत फिरू नये, हँडल उघडून आतला काढावा, ही त्यामागची कल्पना. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बिघडलं की बदला, हाच नियम चालतो. त्यामुळे हे स्क्रू मला त्या लॅपटॉपमधल्या कुठल्याही चिपपेक्षा महत्त्वाचे वाटतात. स्वस्त संगणक गरिबाघरी जाणार, तिथे तो बिघडणार आणि मेकॅनिक जवळपास नसणार, हे ज्याने स्क्रू ठेवले त्याला कळलं होतं.

हे लॅपटॉप २००७ साली आपल्याकडेही आले. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला हा पहिलावहिला प्रयोग. नवी मुंबईच्या आयटी पार्कांपासून हे गाव फार लांब नाही, पण आमच्या पिढीतल्या बहुतेक इंजिनियरांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

स्वस्त संगणक आणि लिनक्स यांची आपल्याकडची गोष्ट सांगायची तर खैराटच्या थोडं मागे जावं लागेल आणि बरंच पुढेही.

सिंप्यूटरपासून सुरुवात

२००१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एका खासगी कंपनीतल्या इंजिनियरांनी मिळून सिंप्यूटर जगासमोर आणला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, लिहिता-वाचता न येणाऱ्याला बोलून माहिती देणारा, आणि स्मार्टकार्ड वापरून गावात अनेकांना वाटून घेता येणारा. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची होती. स्मार्टफोन यायला अजून बरीच वर्षं होती. बाजारात तो २००४ मध्ये आला आणि काही हजारांच्या पुढे खपला नाही. तोवर मोबाईल स्वस्त झाला होता.

सिंप्यूटर का चालला नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. हे यंत्र गावात वापरलं जाणार होतं आणि ते उघडून बघू शकणारी माणसं शहरात होती. लिनक्सचा सोर्स खुला होता, पण तो वाचणारा डोळा गावात नव्हता. पुढच्या प्रत्येक स्वस्त संगणकाला हाच प्रश्न आडवा आला.

शंभर डॉलरचं स्वप्न

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये ट्यूनिसच्या परिषदेत निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला. वीज नसेल तिथे हाताने फिरवायचा एक दांडा त्याला जोडलेला होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवायला घेतला आणि दांडा हातातच आला. प्रत्यक्ष लॅपटॉप निघाले तेव्हा तो दांडा गायब होता आणि किंमत शंभरवरून १८८ डॉलरच्या घरात गेली होती.

आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. लॅपटॉपपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक जास्त गरजेचे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे खैराटचा प्रयोग सरकारी खरेदीचा भाग नव्हता. तो एका शाळेपुरता होता.

यंत्र मात्र डोकं लावून केलेलं होतं. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी १ जीबी फ्लॅश. पडद्यावरचं भर उन्हातही वाचता येई. वर दोन कान, ते म्हणजे वायफायचे अँटेना. चार्जिंगला ११ ते १८ व्होल्टमधली कुठलीही डीसी वीज चाले, म्हणजे गाडीच्या बॅटरीवरही काम भागे. २००७ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन असायचं, हे लक्षात घेतलं की ही सोय किती मोलाची ते कळेल. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर पायथनमध्ये लिहिलेलं 'शुगर'. कीबोर्डवर एक खास कळ होती. ती दाबली की जो प्रोग्राम चालू आहे त्याचा सोर्स कोड उघडावा, असा बेत होता. चौथीतल्या मुलाने खेळता खेळता खेळाच्या पोटात डोकवावं, अशी ती अपेक्षा.

तरी बिघाड चुकले नाहीत. एक्सओचा टचपॅड घाम आणि दमट हवेने भरकटायचा, कर्सर उड्या मारायचा. उपाय होता, पण तो माहीत हवा: कीबोर्डच्या चार कोपऱ्यांतल्या चार कळा एकदम दाबायच्या, मग टचपॅड स्वतःला पुन्हा जुळवून घेतो. पाच सेकंदांचं काम. ज्याला ठाऊक आहे त्याचा लॅपटॉप चालू, ज्याला नाही त्याचा बिघडलेला. आता कोकणातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा आणि विचार करा, चार कळांची ही माहिती एकशिक्षकी शाळेपर्यंत कुठल्या भाषेत आणि कुणी पोचवायची?

उरुग्वेने त्याच वर्षी हेच लॅपटॉप देशभर वाटायला घेतले आणि त्यांनाही हाच प्रश्न पडला. फरक इतकाच, की त्यांनी दुरुस्तीची यंत्रणा हा योजनेचाच भाग मानला आणि ती सरकारी खर्चाने उभी केली. लॅपटॉप वाटणं हे एका समारंभाचं काम आहे. तो पाच वर्षं चालता ठेवणं हे खातं चालवण्यासारखं आहे.

आचारी आणि आचार्य

बिघाड नेहमी तारेत किंवा चिपमध्येच असतो असं नाही. कधी तो लिपीत असतो.

आज फोनवर तुम्ही हा लेख वाचताय आणि एकही जोडाक्षर तुटलेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी लिनक्सवर हे गृहीत धरता येत नव्हतं. संगणक अक्षरं एकामागून एक साठवतो. 'कि' लिहिताना क आधी आणि वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी आधी हवी. ही उलटापालट कुणीतरी करावी लागते. ती नीट झाली नाही की पडद्यावर पाय मोडलेली अक्षरं सांडतात.

मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'इंडिक्स' प्रकल्पात लिनक्सच्या चित्र काढणाऱ्या थरातच भारतीय लिप्या जुळवण्याचं काम केलं. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचं एक केंद्र खारघर स्टेशनसमोर आहे, लोकलमधून उतरणारे शेकडो लोक रोज त्याच्या बाजूने जातात. पुण्यात रेड हॅटकडून 'लोहित' फाँट आले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीवरून. २००७ मध्ये सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने भारतीय भाषा बोलणारं 'बॉस' लिनक्स काढलं.

यात मराठीचं स्वतःचं एक दुखणं होतं. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना पगार. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीला लागतो. दर्या आणि दऱ्या यांचंही तसंच. हा अर्धा, आडव्या रेघेसारखा र दाखवायचा तर फाँटमध्ये तो हवा, कीबोर्डावर तो टाइप करायची सोय हवी आणि दोघांना जोडणारा प्रोग्राम शहाणा हवा. तिघांतला एक जरी चुकला, तर आचार्य स्वयंपाकघरात जातात. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, खैराटला लॅपटॉप पोचल्यानंतर. 'ॲपल' मधला पहिला आवाज लिहायला मराठी मुलांना जगाच्या एका समितीची वाट पाहावी लागली.

हे दोष कंपन्यांनी आपणहून शोधले नाहीत. कुणीतरी मराठी माणसाने पडद्याकडे बघून म्हटलं, हे चुकलंय, आणि तशी नोंद केली. दुरुस्तीची सुरुवात तिथून होते.

आकाश आणि पवई

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा. टीका खूप झाली आणि ती रास्त होती. मग प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित आकाश निघाला: १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, सात इंची पडदा. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या गटाने तो अभियांत्रिकी कॉलेजांतल्या शिक्षकांपर्यंत नेला.

या दुसऱ्या आकाशात ऑलविनर कंपनीची ए-१३ चिप होती. तिची एक सवय गमतीची आहे. वीज आली की ती आधी एसडी कार्डावर काही सुरू करण्याजोगं आहे का ते पाहते, नसेल तरच आतल्या अँड्रॉइडकडे वळते. म्हणजे कार्डावर लिनक्स टाका, टॅब्लेट लिनक्सचा. कार्ड काढा, पुन्हा अँड्रॉइडचा. काही बिघडवण्याची भीती नाही. पवईत आकाशवर असं लिनक्स चालवलंही गेलं.

कुलूप नसलेली यंत्रं माणसाला धीर देतात. काही चुकलं तर परत पहिल्यासारखं करता येईल, ही खात्री असेल तरच विद्यार्थी हात घालतो. वॉरंटीच्या स्टिकरखाली कुणी काही शिकत नाही.

दहा हजारांचा लॅपटॉप

पुढे आयआयटी मुंबईच्याच 'फॉसी' प्रकल्पाने दहा हजारांच्या आत बसणारा लॅपटॉप उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीसह आणला. आत इंटेलचा ॲटम प्रोसेसर होता. या घराण्यातले स्वस्त लॅपटॉप ज्यांनी वापरले, त्यांना त्यांची तऱ्हा ठाऊक असेल. मुळात टॅब्लेटसाठी केलेली ही चिप. त्यामुळे आवाज नेहमीच्या वाटेने येत नाही, वायफाय वेगळ्याच तारेवर बसलेलं, बॅटरी किती उरली ते सांगणारी चिपही निराळी. विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हर दिलेले. लिनक्स टाकलं की पडदा लागतो, पण लॅपटॉप मुका आणि इंटरनेटविना. त्याच कुळातल्या बे-ट्रेल चिपांवर तर लिनक्स मध्येच गोठायचं. प्रोसेसरची गाढ झोप बंद करणारी एक ओळ बूटच्या वेळी द्यायची, मग तो गोठत नसे. बॅटरी मात्र लवकर संपे.

हे दुखणं बरं कसं झालं? रिअलटेकच्या आरटीएल ८७२३बीएस या स्वस्त वायफाय चिपचा ड्रायव्हर २०१७ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत आला. तो तिथवर आणणाऱ्यांत हान्स दे खूदे हा नेदरलँड्सचा प्रोग्रामर होता. त्यानेच आधी ऑलविनर चिपांसाठी, म्हणजे आकाशच्याच कुळासाठी, कर्नलमध्ये काम केलं होतं आणि नंतर या स्वस्त ॲटम यंत्रांची एकेक खोड काढत बसला. जगातली स्वस्तातली स्वस्त यंत्रं, आणि त्यांच्यामागे असे मोजके चिवट लोक. त्यांनी केलेली दुरुस्ती पवईच्या आणि पनवेलच्या लॅपटॉपला सारखीच लागू पडली, कुणी फॉर्म भरला नाही की पावती फाडली नाही.

निदानाची पद्धत

या सगळ्या यंत्रांच्या बिघाडात एक समान धागा आहे. चालू होताना संगणक पायऱ्या चढतो: आधी वीज, मग बूटलोडर, मग कर्नल, मग फाइल सिस्टिम, मग बाकीचं. कुठल्या पायरीवर पाय अडखळला ते शोधणं म्हणजे निदान. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरला बाजारात आला. आपल्याकडे त्याचं सगळ्यात नेहमीचं दुखणं सॉफ्टवेअरचं नसतंच. फोनचा जुना चार्जर आणि बारीक केबल लावली की ५ व्होल्ट वाटेतच गळतात. ४.६३ च्या खाली गेले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते. लोक ती पाहून न पाहिल्यासारखं करतात आणि तीन-तीनदा लिनक्स नव्याने टाकतात.

पडदाच काळा असेल तरी बहुतेक बोर्डांवर तीन पिना असतात: पाठवायची, घ्यायची आणि जमिनीची. त्यांना स्वस्तातला सीरियल ॲडॉप्टर जोडला की यंत्र काय पुटपुटतंय ते ओळीओळीने वाचता येतं. 'डीमेसेज' ही आज्ञाही तेच करते: कर्नलने सुरुवातीपासून काय काय पाहिलं, त्याची रोजनिशी समोर ठेवते. वैद्याने नाडी पाहावी तसं. पण ही रोजनिशी इंग्रजीत असते, आणि तिचा अर्थ लावणारी मदतही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात केले, हे त्या दृष्टीने फार मोठं काम. तरीही 'वायफाय दिसत नाही' हा प्रश्न मराठीत शोधून पाहा. उत्तरं किती सापडतात, ते तुमचं तुम्हाला कळेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ चालू न शकणारे असंख्य धडधाकट लॅपटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात, भंगार किंवा लिनक्स. पडदा, कीबोर्ड, रॅम सगळं शाबूत आहे. नाहीय तो फक्त चार कळा कुठल्या दाबायच्या हे सांगणारा.

एक्सओची खास गुंतागुंत सांभाळणारा कोड लिनक्स कर्नलमध्ये लिहिला गेला होता. ऑलविनर ए-१३ चाही आहे. यंत्रं झिजली, योजना बंद पडल्या, मंत्री बदलले, पण दुरुस्ती लिहून ठेवलेली होती म्हणून ती टिकली. म्हणून लॅपटॉप वाटण्याच्या पुढच्या घोषणेत किंमत किती, हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा. याचे जादा स्क्रू कुठे ठेवलेत, आणि ते कुठे आहेत हे मराठीत कुणी लिहून ठेवलंय का?