टायमिंग चेन : कंपनीची टिकते, लोकल लवकर का जाते?

पिशोरसारख्या गावात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. शेतात जायला, दूध घालायला, कन्नड किंवा सिल्लोडच्या बाजाराला आणि दवाखान्याला जायलाही तीच लागते. ती चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की घरातली निम्मी कामं अडतात. म्हणूनच इंजिनातून "कटकट" आवाज येऊ लागला आणि मिस्त्रीने "टायमिंग चेन गेली" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कंपनीची टाकायची की लोकल?

किमतीत बराच फरक असतो आणि दिसायला दोन्ही चेन सारख्याच. मग एक वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी काही महिन्यांत पुन्हा आवाज का करू लागते?

ही चेन नेमकं काय करते?

मागच्या चाकाला फिरवणारी चेन वेगळी. टायमिंग चेन, म्हणजेच कॅम चेन, इंजिनाच्या आत ऑइलमध्ये चालते. खालची क्रँकशाफ्ट पिस्टनला वरखाली करते आणि वरची कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते. या दोघींचा ताळमेळ ही चेन राखते. क्रँक दोनदा फिरली की कॅम बरोबर एकदा फिरली पाहिजे.

इंजिन ६००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो. समजा खालच्या स्प्रॉकेटला १४ दाते आहेत आणि वरच्याला २८. चेन एक दाता जरी सरकली, तरी क्रँकच्या हिशेबाने टायमिंग जवळपास २६ अंशांनी चुकतं. गाडी ओढत नाही, किक मारून पाय दुखतात. चेन तुटली किंवा आणखी सरकली, तर बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतो. मग काम चेनपुरतं राहत नाही, हेड उतरवावं लागतं.

ट्रॅक्टरवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण ट्रॅक्टरच्या बहुतेक इंजिनांत चेनऐवजी टायमिंग गिअर असतात. काही कारमध्ये रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो.

चेन "ताणली जाते" म्हणजे काय?

लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतं. ते एकमेकांवर घासून झिजतात आणि चेन लांब होते. ८४ कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा फक्त ०.०१ मिलिमीटर झिजला, तरी एकूण लांबी ०.८४ मिलिमीटरने वाढते. टेन्शनर हा ढिलेपणा काही मर्यादेपर्यंत ओढून घेतो. त्यापुढे चेन फडफडते, गाईडवर आपटते आणि आवाज सुरू होतो.

स्वस्त पार्ट नेमका कुठे कमी पडतो?

पहिलं कारण धातूवरची प्रक्रिया. चांगल्या चेनच्या पिनचा पृष्ठभाग खास उष्णता देऊन कठीण केलेला असतो, पण आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. त्यामुळे पिन झिजत नाही आणि चटकन मोडतही नाही. हा थर पातळ किंवा असमान राहिला, तर तो निघून गेल्यावर खालचा मऊ धातू भराभर झिजतो. दुकानात हातात घेऊन हे कुणालाच कळत नाही.

दुसरं कारण सुरुवातीचा ताण. चांगले उत्पादक चेन तयार झाल्यावर तिला ठरावीक भार देऊन ओढतात, म्हणजे सांधे कारखान्यातच नीट बसतात. ही पायरी वगळली, तर सांधे बसण्याचं काम इंजिनात होतं आणि नवी चेन लवकरच ढिली पडते.

तिसरं कारण टेन्शनर आणि गाईड. गाईडची पट्टी गरम ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकेल अशा प्लास्टिकची किंवा रबराची लागते. हलकं प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. टेन्शनरची स्प्रिंग कमजोर असेल, तर चेन उत्तम असूनही दाता सरकतो.

चौथं कारण नकलेची पद्धत. मूळ उत्पादकाकडे पार्टचं ड्रॉइंग असतं. कुठलं माप किती कमी-जास्त चालेल, हे त्यात लिहिलेलं असतं. नमुना मोजून माल बनवणाऱ्याला माप मिळतं, पण ही मर्यादा मिळत नाही. नमुनाच थोडा झिजलेला असेल, तर झीजही नकलेत उतरते.

"लोकल" या एका शब्दात चार प्रकारचा माल

वाहन कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. पिशोरच्याच जिल्ह्यात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणारे अनेक उद्योग वाढले. देशातल्या बहुतेक वाहन कंपन्यांचं काम असंच चालतं. त्यामुळे बाजारात चार प्रकारचा माल दिसतो :

- वाहन कंपनीच्या डब्यातला पार्ट.
- कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा, त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला पार्ट.
- दुसऱ्या नामांकित उत्पादकाचा पार्ट.
- बिननावाचा किंवा नक्कल केलेल्या डब्यातला माल.

पहिले तीन प्रकार विश्वासाने वापरता येतात. खरी भीती चौथ्याची. खोटा ट्रेडमार्क लावणं किंवा तसा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दोष दरवेळी पार्टचाच असतो का?

नाही. कंपनीची मूळ चेन नव्या इंजिनात, नव्या स्प्रॉकेटवर, नव्या गाईडसोबत आणि स्वच्छ ऑइलमध्ये कामाला लागते. बदललेली चेन मात्र जुन्या इंजिनात जाते. झिजून टोकदार झालेले दाते, खाच पडलेली गाईड आणि काळं ऑइल तिची वाटच पाहत असतात. अशा ठिकाणी कंपनीची चेनही लवकर जाते. म्हणजे दोघींची तुलना होते, ती मुळात सारख्या परिस्थितीतली नसते.

कारखान्यातून बसून आलेला पार्टही कधी दगा देतो. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन वेळेआधी खराब होण्याबद्दल जगभर ओळखली जाते. त्यात चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने दुरुस्तीचा खर्चही मोठा होतो. मोठं नाव म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे.

खर्च करायचाच, तर कसा?

- फक्त चेन बदलू नका. स्प्रॉकेट, गाईड आणि टेन्शनर तपासून घ्या, झिजलेलं असेल ते सोबतच बदला. इंजिन दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी त्याहून महाग पडते.
- कारचा बेल्ट बदलताना त्याच्या पुलीही तपासा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल, तर तोही पाहून घ्या.
- पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी आणि वर्षाशी जुळवा. "सगळ्यांना बसते" हे उत्तर मान्य करू नका.
- डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली हवी. पुसट छपाई आणि चुकलेलं स्पेलिंग दिसलं तर डबा परत करा.
- जुनी आणि नवी चेन शेजारी टांगून पाहा. नवी चेन आडवी धरल्यावर बाजूला जास्त झुकत असेल, तर तिचे सांधे सैल आहेत.
- ऑइल वेळेवर बदला. टायमिंग चेनचं आयुष्य त्यावरच अवलंबून असतं.
- पक्कं बिल घ्या आणि जुना पार्ट मिस्त्रीकडून मागून घ्या.

बिल हातात असेल, तर सदोष मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल नसेल, तर तो पार्ट त्याच दुकानातून घेतला हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

खिशात पैसे कमी असतील, तर कंपनीचा डबा सोडून नामांकित उत्पादकाची चेन घेणं हा शहाणपणाचा मधला मार्ग आहे. वाचलेल्या पैशात गाईड, टेन्शनर आणि ताजं ऑइल बसवता येतं. झिजलेल्या दात्यांवर चढवलेल्या महागड्या चेनपेक्षा असा पूर्ण संच जास्त दिवस साथ देण्याची शक्यता मोठी असते.