गड नसलेल्या मुलखाची भ्रमणगाथा

मराठीत डोंगर, रान आणि भटकंती यांवरील वाचनीय पुस्तकांची यादी कोणीही केली, तरी तिचा आरंभ बहुधा गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने होतो; व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींची ‘रानवाटा’ इथपर्यंत ती येते आणि थांबते. ही पुस्तके थोर आहेत, त्याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो या यादीच्या नकाशाचा. त्यावर पश्चिमेला सह्याद्री आहे, पूर्वेला विदर्भाचे अरण्य आहे. मधला गोदाकाठ मात्र कोरा आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्याचा विद्यार्थी ही यादी हाती घेतो, तेव्हा निसर्ग ही दूर जाऊन पाहण्याची वस्तू आहे, असाच बोध त्याला होतो. उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेला बालाघाटाची रांग असलेला त्याचा मुलूख पुस्तकांत भेटतो, तो बहुधा दुष्काळाच्या निमित्ताने.

असे का झाले, याचे उत्तर वाङ्मयगुणांत नव्हे, तर इतिहासात शोधावे लागते. शिवचरित्राची ओढ आणि मुंबई-पुण्याहून रेल्वेने सहज गाठता येणारे घाटमाथे, या दोहोंच्या संयोगातून विसाव्या शतकात दुर्गभ्रमणाची हौस वाढली आणि त्या हौसेला वाङ्मय लाभले. चितमपल्लींना नवेगावबांधचे रान वनखात्याच्या नोकरीने दिले. म्हणजे जिथे शहरी वाचक पोचू शकत होता, किंवा जिथे सरकारने वन राखले होते, तिथलेच लेखन प्रामुख्याने ‘निसर्गलेखन’ म्हणून ओळखले गेले.

पण खुद्द दांडेकरांचेच दुसरे पुस्तक या चौकटीत मावत नाही. परतवाड्यास १९१६ साली जन्मलेल्या या लेखकाची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही नर्मदा परिक्रमेची कथा आहे. तिथे शिखर नाही आणि ते सर करण्याचा अभिमानही नाही. पायी चालणे हेच व्रत आहे. या व्रताचा माग काढीत मागे गेलो, की आपण गोदाकाठीच येऊन पोचतो.

म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ (सुमारे १२७८) आपण आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून शिकवतो. भाषेसाठी वाचतो, तत्त्वज्ञानासाठी वाचतो. ते एका अखंड चालणाऱ्या माणसाचे चरित्र आहे, हे मात्र विसरतो. त्यातील ‘एकांक’ हा भाग चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा आहे. पारध्यांपासून सुटून आलेल्या सशाला आश्रय देणारे आणि संकट टळल्यावर त्याला आदराने निरोप देणारे चक्रधर ज्या ग्रंथात आहेत, तो अरण्यवाचनातून वगळायचा कशासाठी? देशाच्या टोकाला, झाडातळी आयुष्य घालवावे, असा उपदेश त्यांनी अनुयायांना केला होता.

त्याहून विलक्षण आहे ती चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’. चक्रधर कुठे राहिले, कुठे रात्रभर वसले, कुठे क्षणभर बसले. ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, तिथून पुढची जागा कोणीकडे, याची ती टिपणे आहेत. श्रद्धेपोटी लिहिलेली ही पोथी आज भूगोलाचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. गेवराई तालुक्याच्या पलीकडच्या काठावरचे पैठण तिच्यात आहे. गड-कोटांचा दिमाख मात्र तिला लागत नाही. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंद होते. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी विसाव्या शतकात ती लिपी उलगडल्यावर ते अभ्यासकांना खुले झाले, आणि थेट अभ्यासक्रमात जाऊन बसले. भटकंतीच्या वाचकाच्या हाती ते पडलेच नाहीत.

या विस्मरणाची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. वर्षातील कित्येक महिने उघड्या माळावर पाचटाच्या खोपीत काढणाऱ्या कुटुंबातील मुलाला ‘निसर्गाच्या सान्निध्यातील साहस’ हे शब्द कसे ऐकू येत असतील? थंडी, वारा, चांदणे, पायवाट यांचे ज्ञान त्याच्यापाशी आहे. पण ती हौस नसल्यामुळे आपली साहित्यदृष्टी त्याला अनुभव मानायला तयार होत नाही. मराठवाड्याच्याच ना. धों. महानोरांनी ‘रानातल्या कविता’ (१९६७) लिहून रान म्हणजे राबण्याचे शेत हा अर्थ कवितेच्या केंद्रस्थानी आणला. गद्याने मात्र ती वाट पुरेशी मळली नाही.

म्हणून गोदाकाठच्या महाविद्यालयांतील शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. यादी टाकून देऊ नका. तिचा क्रम बदला. आधी ‘एकांक’ आणि ‘स्थानपोथी’ वाचावी, मग महानोर, मग ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि त्यानंतर दुर्ग व अरण्ये. विद्यार्थ्यांना आपल्या गावाची स्थानपोथी लिहायला सांगावी: देऊळ कोणत्या दिशेचे, बारव कुठे, जुनी वाट कोणत्या गावाला जाते. चकलांब्याच्या शिवारात गड नसेल; पण वाट आहे, आणि मराठी गद्याची सुरुवातच मुळी वाट चालणाऱ्या माणसाच्या आठवणींतून झालेली आहे.