अम्मीची तांबी आणि सर्व्हेतलं ‘नाही’

धुळ्यातल्या आमच्या घरी एक वाक्य ठरलेलं होतं : “हमारे में नहीं चलता.” काय चालत नाही, हे मात्र लग्न होईपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. दादीला नऊ मुलं, अम्मीला चार आणि मला दोन. हे न चालताच झालं का?

भारताने 1952 साली सरकारी कुटुंब नियोजन सुरू केलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. त्याच्याही आधी, 1921 साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. पण आमच्या मोहल्ल्यात हा विषय पोचला तो भीती होऊन. 1976 म्हणजे आणीबाणीचं वर्ष. सरकारी नोकरांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. दादा यंत्रमागावर कामाला होते. दादी सांगते, त्या वर्षी सरकारी जीप दिसली की ते गल्ली बदलायचे.

आणीबाणी संपली, पण ‘फॅमिली प्लॅनिंग’ म्हणजे ‘ऑपरेशन’ हे समीकरण राहिलं. नेमकं तिथेच अडत होतं. अनेक उलेमांच्या मते कायमची नसबंदी नाजायज, पण दोन मुलांत अंतर ठेवायचे तात्पुरते उपाय जायज. इमाम गझाली यांनी सुमारे 900 वर्षांपूर्वीच अशा तात्पुरत्या उपायाला परवानगी दिली होती. बाळंतपणात बाईच्या जिवाला असलेला धोका आणि जास्त मुलांमुळे होणारी ओढाताण ही कारणं त्यांना मान्य होती. आमच्या दादीला हे कुणीच सांगितलं नाही. शिबिरवाल्यांना ऑपरेशनचा आकडा हवा होता.

अम्मीचं माहेर जळगावचं. 1982 साली तिथे मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही, अशी बंदी जमातीच्या पुढाऱ्यांनी घातली. रझिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध लढा उभारला. अम्मी तेव्हा चौदा वर्षांची होती. बाईने कुठे जायचं हे ठरवणारे इतके जण असताना, चौथ्या बाळंतपणानंतर ती दवाखान्यात गेली आणि तांबी बसवून आली. सोबत कोण होतं? दादी! घरी सांगितलं, “कमर का दर्द दिखाने गए थे.”

नंतर एकदा सर्व्हेवाल्या बाई आल्या. “काही वापरता का?” अब्बा ओट्यावरच बसले होते. अम्मी म्हणाली, “नाही.” तिचं ते ‘नाही’ कागदावर गेलं. अशी किती ‘नाही’ कागदावर गेली असतील, कोण जाणे. मुस्लिम बायकांना यातलं काही कळत नाही असं कुणी म्हटलं, की मला तो ओटा आठवतो.

मुलांची संख्या मात्र लपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये देशातल्या मुस्लिम बायकांचा प्रजनन दर 4.4 होता, 2019-21 मध्ये तो 2.4 झाला. याच काळात हिंदू बायकांचा दर 3.3 वरून 1.9 वर आला. म्हणजे दोघींमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं.

आता आशाताई घरी येतात. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळतं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, घरात पाकीट लपवायची गरज नाही. पण एक गोष्ट बदललेली नाही. त्याच 2019-21 च्या सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर विवाहित बायकांमागे 38 जणींचं ऑपरेशन झालेलं दिसतं. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. सगळ्याच धर्मांच्या घरांत हा भार बाईच्याच अंगावर आहे.

गेल्या महिन्यात मी इंजेक्शनला निघाले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, “कुठे चाललीस?” मी खरं सांगितलं. तो म्हणाला, “थांब, गाडी काढतो.” दादी खाटेवरून ऐकत होती. काही बोलली नाही, फक्त हसली.