खुराक आणि विश्वास



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते खेळाचा तास संपला की आम्हां मुलांच्या ओंजळीत भिजवलेले हरभरे आणि गूळ घालीत. त्याने काय होते, असे आम्ही कधी विचारले नाही. सर देतात, एवढे पुरे होते. या न विचारण्याविषयीच आज मला बोलायचे आहे.

आपल्या ग्वाल्हेरपासून दतिया फार दूर नाही. तेथील दरबाराच्या आश्रयाने गामा पहिलवान वाढला. वडील लवकर निवर्तले. आजोबा आणि मामा यांनी त्याला घडविले. १८८८ साली जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत सुमारे दहा वर्षांचा हा मुलगा थोरामोठ्या मल्लांच्या पंक्तीत टिकून राहिला. दूध, बदाम, फळांचा रस हा त्याचा खुराक वडीलधाऱ्यांनीच ठरविलेला. कोल्हापूरच्या तालमींतही वस्तादाचा शब्द अखेरचा असे. या रीतीत हुकमत होती खरी. परंतु थंडाई डोळ्यांदेखत घोटली जाई आणि देणाऱ्याला आपण काय देतो हे ठाऊक असे.

पुढे ही खात्री गेली, विश्वास मात्र तसाच राहिला. पूर्व जर्मनीत १९७४ पासून शासनाच्या गुप्त योजनेखाली किशोरवयीन मुलींनाही निळ्या गोळ्या दिल्या जात. ही जीवनसत्त्वे आहेत, असे त्यांना सांगितले जाई. प्रत्यक्षात ती स्टेरॉइडे होती. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तेथील क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. मुलींच्या शरीराची हानी काही स्थगित झाली नाही.

तेथे देणाऱ्यांना सारे ठाऊक होते. आज पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसते. या शतकाच्या आरंभी कलोनच्या प्रयोगशाळेने ६३४ पूरक आहारद्रव्ये तपासली. त्यांतील ९४ मध्ये वेष्टनावर न छापलेली संप्रेरकजन्य द्रव्ये निघाली. २०११ मध्ये आपल्या देशाच्या सहा महिला धावपटू उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते द्रव्य आले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षकाला काढण्यात आले; खेळाडूंवर अखेर दोन वर्षांची बंदी आली. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियमच आहे. खेळाडू अल्पवयीन असल्यास त्याच्या प्रशिक्षकादी मंडळींचीही चौकशी झालीच पाहिजे, असे आजची जागतिक संहिता सांगते. घरातील आजोबांची चौकशी मात्र कोण करणार?

हे मी स्वानुभवाने म्हणतो. माझा नातू सोळा वर्षांचा, धावणारा. प्रशिक्षकांनी सांगितले म्हणून भुकटीचा एक डबा घ्यायचे ठरले. पैसे मी दिले. “आजोबा, घेऊ ना?” असे त्याने विचारले आणि मी कौतुकाने मान डोलावली. शब्दांचे अर्थ शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने डब्यावरील एक शब्दही वाचला नव्हता. पुढे एका वैद्यांनी विचारले, तेव्हा सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. डबा बंद केला. नातवाची क्षमाही मागितली.

मुले आपल्या हातून घेतात ती वस्तू पाहून नव्हे, हात पाहून. म्हणून पाहण्याचे काम हाताचे आहे. आमच्या सरांच्या ओंजळीतला हरभरा हरभराच होता.