दीवचा सागरकिनारा
सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाजवळील दीव बेटाचा इतिहासप्रसिद्ध व निसर्गरम्य किनारा. खंबायतच्या आखाताकडे जाणाऱ्या जलमार्गालगत असल्याने दीवच्या स्वामित्वासाठी दीर्घकाळ संघर्ष झाले. आजची बहुतेक प्रेक्षणीय स्थळे त्यांचीच स्मृतिचिन्हे होत. १५०९ मध्ये पोर्तुगीज आरमाराने येथे ईजिप्त, गुजरात व कालिकत यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. हुमायूनच्या स्वारीमुळे संकटात सापडलेल्या गुजरातच्या बहादुरशाहाने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना किल्ला बांधण्याची परवानगी दिली. १५३७ मध्ये त्यांच्याशी झालेल्या चकमकीत तो येथील समुद्रातच मृत्यू पावला. १५३८ व १५४६ च्या वेढ्यांनंतरही दीव पोर्तुगीजांकडेच राहिले. गोव्याबरोबर ते १९६१ मध्ये मुक्त झाले.

पूर्व टोकावरील किल्ल्याचे तट, तोफा व दीपगृह प्रेक्षणीय आहेत. खाडीच्या मुखाशी पाणीकोठा हा छोटा जलदुर्ग असून शहरात सेंट पॉलचे चर्च आहे. नायडा येथील गुहा किल्ल्यासाठी दगड काढल्याने निर्माण झाल्या, असे मानतात. नागवा येथील अर्धचंद्राकृती पुळणीवर समुद्रस्नानाची सोय असून परिसरात फांद्या फुटणारे होका ताड आढळतात. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीकच्या समुद्रात बुडालेल्या ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवरील हुतात्म्यांचे स्मारकही किनाऱ्यावर आहे.