दगडांवरील रंगकाम

नदीतले गोटे, समुद्रकाठचे खडे किंवा बांधावरचे चपटे दगड निवडून त्यांवर चित्र, नक्षी किंवा अक्षरे रंगवण्याची घरगुती हस्तकला. कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे वजन, दाराचा टेकू, कुंडीतल्या रोपाची नावाची पाटी, मुलांचे खेळणे, भेटवस्तू असे या दगडांचे उपयोग होतात. साहित्य थोडे लागते आणि चित्र फसले तर वर रंगाचा एक हात देऊन पुन्हा सुरुवात करता येते. त्यामुळे हातात पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्यालाही ही कला जमते.

कागदावर मनात येईल ते काढता येते. दगडाला मात्र स्वतःचा फुगवटा, खाच, शीर, डाग असतो आणि या कलेतले खरे कौशल्य ते ओळखण्यात आहे. लांबट फुगीर गोट्यात अंग मुडपून झोपलेले मांजर दिसते, घुमटासारख्या दगडात कासव, त्रिकोणी चपट्या तुकड्यात मासा. लिन वेलफर्ड या अमेरिकन चित्रकर्तीच्या ‘द आर्ट ऑफ पेंटिंग ॲनिमल्स ऑन रॉक्स’ (१९९४) या पुस्तकाने दगडांवर प्राणी रंगवण्याचा हा प्रकार लोकप्रिय केला. दगड दोनचार दिवस समोर ठेवून, उलटापालटा करून पाहावा आणि मगच रंगाची डबी उघडावी. घाईने सगळा पृष्ठभाग झाकून टाकला की दगड निवडण्याला अर्थच राहत नाही.

गोट्यांवर रंग लावण्याची सवय माणसाला फार जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील मा-दाझिल येथील गुहेत एद्वार प्येत याला १८८७ ते १८८९ या काळातील उत्खननात गेरूने ठिपके व पट्टे काढलेले लहान गोटे सापडले. ते सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. प्येतला त्या खुणांत लिपीची सुरुवात दिसली होती, पण ते मत पुढे टिकले नाही. गोटे कशासाठी रंगवले, याचा उलगडा आजही झालेला नाही.

महाराष्ट्रात दगड सजवणे आधी येते ते पूजेत. शेतातल्या आणि वेशीवरच्या देवांना तेल-शेंदूर लावतात. वर्षानुवर्षे थर चढून मूळ दगडाचा आकारही झाकला जातो. कोकणातल्या अनेक घरांत भाद्रपदात खड्यांच्या गौरी बसवतात. नदी, विहीर किंवा पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुक्याने आणायचे, हळदकुंकू वाहायचे, त्यांची पूजा करायची. बारशाला वरवंट्याला बाळाचे कपडे घालून आधी तोच पाळण्यात ठेवतात. हा छंद नव्हे, हे खरे. पण दगडात कोणीतरी पाहण्याची नजर इथल्या घरांना नवी नाही, हे यातून कळते. शेंदूर मात्र हस्तकलेसाठी वापरू नये. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग आहे आणि मुलांच्या हातांना तर तो लागताच कामा नये.

दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो घट्ट असतो, रंग फारसा पीत नाही आणि नदीत घासून गुळगुळीत झालेला असेल तर रेघ बारीक उमटते. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रांत असे गोटे मिळतात. कधी काळ्या अंगावर पांढऱ्या खनिजाचा ठिपका असतो. तोच पक्ष्याचा डोळा करावा. काळ्या दगडावर वारली पद्धतीची पांढरी चित्रे फार खुलतात. मूळ वारली चित्रे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. ते पीठ दगडावर टिकत नाही, म्हणून इथे पांढरा ॲक्रिलिक रंग घ्यावा. कोकण-गोव्यातला जांभा भोकाळ असल्याने रंग शोषून घेतो. त्याला अस्तराचे दोन हात लागतात आणि बारीक काम त्यावर होत नाही.

दगड साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून धुवावा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्यावा. लवकर वाळावा म्हणून आचेवर ठेवू नये. आतल्या भेगांतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो. खरखरीत भागावर पॉलिश पेपर फिरवावा, आकृती खडूने आखून घ्यावी. पोस्टर रंग पाण्याने निघून जातो, तैलरंग वाळायला दिवस घेतो. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतो आणि वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती १९५०च्या दशकात आले. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग आज गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. ठिपक्यांसाठी ब्रशची मागची बाजू, टूथपिक, खिळ्याचे डोके, कापसाची काडी असे काहीही चालते. मधल्या ठिपक्याभोवती वर्तुळे वाढवत नेली की मंडल तयार होते. शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉड किनाऱ्यावर मेगन मर्फी यांनी धीराचे शब्द लिहिलेले दगड वाटसरूंसाठी ठेवायला सुरुवात केली आणि ही प्रथा जगभर पसरली. २०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांत मुलांनी रस्त्याकडेला एकेक रंगीत दगड मांडत लांबलचक साप केले. एकमेकांना भेटता येत नसताना रांगेत आपला दगड ठेवून येणे ही मोठीच सोबत होती. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत मात्र रंगवलेले दगड न सोडण्याची विनंती केली जाते. आपल्याकडे गडकिल्ल्यांवरचे चिरे घरी आणणे किंवा तिथल्या कातळावर रंगाने नावे लिहिणे, या दोन्ही गोष्टींचा या कलेशी संबंध नाही. तो वारशाचा नाश आहे.

अंगणात ठेवलेल्या दगडांना पावसाळ्याआधी वॉर्निशचा नवा हात द्यावा; उन्हाने रंग फिकटतो आणि पुढे पोपडे सुटतात. खड्यांच्या गौरी विसर्जनाच्या दिवशी पाण्यात परत जातात. ॲक्रिलिकने रंगवलेला गोटा मात्र, नदीतूनच आणलेला असला तरी, नदीत परत टाकू नये. त्याचा रंग म्हणजे प्लास्टिकचाच पापुद्रा असतो.