मूतखड्याची लाट हृदयापर्यंत

धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक झाली, की स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळीदार नळी, पूर्ण उघडत नाही. तिथे रक्ताची गुठळी होण्याचा, धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. आणि बसवलेला स्टेंट सहसा काढता येत नाही.

माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट १९८६ साली बसला. अँजिओग्राफीत छान दिसणारे कितीतरी स्टेंट आतून अर्धवटच उघडलेले असतात, हे मिलानच्या अंतोनियो कोलोंबो यांनी धमनीच्या आतल्या सोनोग्राफीने दाखवलं. १९९५ च्या त्यांच्या अभ्यासानंतर स्टेंट आतून उघडायला जास्त दाबाचा फुगा रूढ झाला. पण कॅल्शियम एकाच बाजूला असेल, तर फुगा मऊ बाजूलाच ताणतो आणि धमनी फाटू शकते.

दुसरा धोका ऑकलंडमध्ये मोजला गेला. जॉन ऑर्मिस्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली निरनिराळे स्टेंट प्रयोगशाळेत लांबीच्या दिशेने दाबले, ओढले. काही स्टेंट फार थोड्या जोरात चेपले. म्हणजे नीट न उघडलेला स्टेंट दुरुस्त करायला आत सरकवलेला फुगाच त्याला चुरगाळू शकतो! मला हे काम फार मोलाचं वाटतं. नव्या स्टेंटच्या कौतुकात अशी तपासणी कोणीतरी करायलाच हवी होती.

उपाय आला तो मूत्ररोगशास्त्रातून. विमानं बनवणारी जर्मनीची डॉर्निअर कंपनी वेगवान विमानावर आदळणाऱ्या पावसाच्या थेंबांचा अभ्यास करत होती. त्या अभ्यासातून पुढे आलेल्या आघात-लहरींनी म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णाचा मूतखडा फोडला. शॉकवेव्ह या अमेरिकी कंपनीने त्याच लहरी फुग्यात आणल्या. फुगा ४ ॲटमॉस्फिअर इतक्याच हलक्या दाबाने फुगवतात; आतल्या द्रवात विजेची ठिणगी पडते, वाफेचा बुडबुडा उठतो आणि त्याची लहर मऊ भिंत ओलांडून कॅल्शियमला तडे पाडते. आधी हे पायांच्या धमन्यांत वापरलं गेलं. त्या सुरुवातीच्या चाचण्या करणाऱ्यांत ऑकलंडचे डॉक्टर अँड्र्यू होल्डनही होते.

हृदयधमन्यांसाठी अमेरिकेची मंजुरी फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली, तीही स्टेंट बसवण्याआधीच्या वापरासाठी. आधीच बसलेल्या, न उघडलेल्या स्टेंटमध्ये डॉक्टर ही लहर वापरतात, ती त्या मंजुरीच्या चौकटीबाहेर. म्हणून घरात कुणाची अँजिओप्लास्टी ठरली असेल आणि धमनीत कॅल्शियम जास्त सांगितलं असेल, तर स्टेंट बसण्याआधीच डॉक्टरांना विचारा: कॅल्शियम आधी फोडणार का, आणि स्टेंट पुरता उघडला हे आतून पाहणार का?